मतमाउलीच्या वाटेवर उधारीची वही

सप्टेंबरात कृषी सेवा केंद्र सोडून पायी निघणं आमच्या धंद्यात बसत नाही. कपाशीला बोंडं धरलेली असतात, फवारणीचं गिऱ्हाईक सकाळी सातलाच दारात उभं असतं. तरी 8 सप्टेंबर, मरियामातेचा जन्मदिवस, जवळ आला की गंगापूर-वैजापूर पट्ट्यातल्या आमच्या वस्त्यांमध्ये निळे-पांढरे झेंडे शिवायला पडतात आणि माझं दुकानातलं लक्ष उडतं. हरेगावची मतमाउलीची, म्हणजे मरियामातेची, यात्रा 1949 पासून भरते. हरेगाव श्रीरामपूर तालुक्यात, म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यात. पण गोदावरीच्या अलीकडच्या आम्हा लोकांना ते परक्या जिल्ह्यातलं कधी वाटलं नाही. बहुतेक जण टेम्पोनं नाहीतर एसटीनं जातात. आम्ही काही जण पायी.

छत्रपती संभाजीनगरच्या छावणीतल्या चर्चपासून निघालो. पुढं क्रूस, मागं झेंडे, मग टाळ आणि ढोलकी. जपमाळेचं एक चक्र झालं की एक भजन, पुन्हा जपमाळ. वाळूजच्या अलीकडचं पंढरपूर लागलं. आषाढीला इथं माणसांचा पूर लोटतो, बाकी वर्षभर एमआयडीसीच्या गाड्यांचा. चहाच्या गाडीवरच्या म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "कोन्या महाराजाची दिंडी म्हनायची?" आमच्यातला पोरगा म्हणाला, "मतमाउलीची." "बरं, या बसा," असं म्हणून त्यांनी सगळ्यांना चहा दिला आणि पैसे मात्र पुरते घेतले. धंदा करणारा माणूस मला लगेच ओळखू येतो.

पायी वारीचं वर्णन करणारे फोडांवर फार लिहितात. मला त्याचं कौतुक नाही. फोड येतो, खोबरेल लावलं की बसतो. या वाटेवर माझी पंचाईत झाली ती लिंबेजळगावच्या पुढं. तिथं एक माणूस आमच्यात सामील झाला आणि त्याच्याकडं माझे 34,000 रुपये होते.

बियाणं, डीएपी, फवारणीची औषधं, सगळं दोन हंगामांचं साचलेलं. पहिल्या वर्षी पाऊस आला नाही, दुसऱ्या वर्षी ऐन वेचणीत आला. तो काही बुडवा नव्हे. पण दुकानासमोरून जायचं बंद करून तो मागच्या गल्लीनं जायला लागला होता, हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्याला. दिंडीला मागची गल्ली नसते. त्यानं लाउडस्पीकरची बॅटरी खांद्यावर घेतली आणि रस्ताभर माझ्या चार पावलं पुढं चालत राहिला. दुकानात तो मला शेठ म्हणतो. दुपारी जेवायला बसलो तेव्हा फडकं सोडून म्हणाला, "भाऊ, घ्या, बाजरीची हाये. ठेचा तिखटय जरा." मी भाकरी घेतली. घास उतरत नव्हता, आणि ठेचा खरोखरच तिखट होता.

मुक्काम ढोरेगावच्या पुढं एका शाळेच्या व्हरांड्यात. फादरांनी त्या रात्री नेमका निर्दय चाकराचा दाखला, म्हणजे येशूनं सांगितलेली गोष्ट, घेतला. राजा एका चाकराचं दहा हजार तालांतांचं कर्ज सोडतो. तोच चाकर बाहेर पडून शंभर दिनार देणं असलेल्या सोबत्याची नरडी धरतो. येशूच्या शिष्यानं, पेत्रानं, विचारलेलं असतं, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? त्यावर येशू म्हणतो, सातांच्या सत्तर वेळा. तेवढ्यावरून हा दाखला निघतो.

फादर म्हणाले, "सोबत्याचं कर्ज अगदी किरकोळ होतं."

माझं डोकं हिशोबाचं. दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी; द्राक्षमळ्याच्या दाखल्यात तसंच येतं. आज आमच्याकडची हजेरी 500 धरली तर शंभर दिनारांचे 50,000 झाले. किरकोळ कुठं? माझ्या 34,000 पेक्षा जास्तच. तालांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार. दहा हजार तालांतांचे सहा कोटी दिवस, म्हणजे 3,000 कोटी रुपये. राजाच्या कर्जापुढं सोबत्याचं कर्ज काहीच नाही, हे कबूल. पण ज्याला घर चालवायचंय त्याच्यासाठी शंभर दिवसांची मजुरी हा अख्खा हंगाम असतो. प्रवचनात तो आकडा लहान करून सांगतात, म्हणून ऐकणारे सुखानं झोपतात.

मी हे बोललो. व्हरांड्यात जरा गलका झाला. आमच्यातल्या एका मावशीची दोन्ही पोरं दरवर्षी कोयता घेऊन कारखान्याला जातात. यात्रेच्या सुमाराला मुकादम उचल वाटत फिरत असतो आणि हंगाम संपला तरी ती फिटत नाही, पुढच्या वर्षाच्या खात्यावर चढते. त्या म्हणाल्या, "फादर, हे मुकादमाला सांगा की. आमाला कशाला सांगता? आमी कुनाला सोडावं? आमच्याकडं हायेच कोन देनेकरी?"

मी म्हटलं, "आणि राजाला सोडणं सोपं होतं. राजाला पुढं कुणाला द्यायचं नव्हतं. मला वितरकाला द्यायचंय."

फादर तरुण आहेत, पण उत्तर पाठ केलेलं देत नाहीत. थोडा वेळ थांबून म्हणाले, "कर्ज सोडलं म्हणजे ते हवेत विरत नाही, दादा. कुणीतरी भरतंच. त्या गोष्टीत राजानं भरलं." मग क्रूस भिंतीला नीट टेकवून ठेवला आणि झोपायला गेले. मला झोप लागली नाही. लूकच्या शुभवर्तमानात तर याहून वाईट आहे: परत मिळायची आशा न धरता उसनं द्या. या वाक्यावर कुठलंही कृषी सेवा केंद्र एक हंगामसुद्धा टिकणार नाही.

दुसऱ्या दिवशी पोलीस भरतीची तयारी करणारी एक पोरगी माझ्याबरोबर चालत होती. तिचा प्रश्न वेगळा, पण जातकुळी तीच. तिच्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला, पण घरातले दाखले हिंदू जातीचेच राहिले. अनुसूचित जातींच्या 1950 च्या आदेशात आधी जवळपास फक्त हिंदूच होते; 1956 मध्ये सगळे शीख आले, 1990 मध्ये बौद्ध. ख्रिस्ती माणूस अजून बाहेर आहे. वस्ती तीच, विहिरीवरची वागणूक तीच, पण चर्चचं नाव कागदावर आलं की अनुसूचित जातीची सवलत गेली. "काका, ‘तुमचं होय ते होय असू द्या’ असं रविवारी चर्चमध्ये वाचते मीच," ती म्हणाली, "आणि सोमवारी फॉर्म भरते." तिला काय सांगायचं? रविवारच्या वाचनाची एवढी किंमत सरकार विदर्भातल्या कुणा बौद्ध पोरीकडून मागत नाही. हिच्याकडून मागतं, आणि वर चर्चमधले खाऊनपिऊन सुखी लोक तिला खरेपणा शिकवतात. मी गप्प बसलो.

कायगाव आलं. नदी भरली होती, जायकवाडीचा फुगवटा पार पुलाखालपर्यंत. हायवेच्या ट्रकांमुळं पुलावर एकामागं एक चालावं लागतं. बॅटरीवाला माझ्या पुढंच होता. अर्ध्या पुलावर तो मागं न बघता म्हणाला, "भाऊ, कापूस आला की पयलं तुमचंच." हे वाक्य मी शेकड्यांनी ऐकलेलं आहे. मी म्हटलं, "राहू दे. फाडली चिठ्ठी." ट्रक गेला. "काय म्हनलं?" मला ते दुसऱ्यांदा, ओरडून म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा म्हणताना 34,000 चा आकडा डोळ्यांपुढं लख्ख उभा राहिला.

प्रवरासंगमला बायकोला फोन केला. ती दुकान सांभाळत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं केलं. आता त्या वितरकानं वाचलंय का शुभवर्तमान, तेवढं विचारा." फोन ठेवला.

नेवाशात पैस खांबापाशी काही जण जाऊन आले. ज्ञानेश्वरी जिथं सांगितली गेली त्या गावातून मुकाट्यानं जाणं मराठी माणसाला जमत नाही, मग तो कुठल्याही वेदीपुढं गुडघे टेकत असो. पुढं टाकळीभान, उसाचे फड, आणि हरेगाव. गर्दी, चिखल, मेणबत्त्यांचा ढीग, नवस फेडायला आलेली तान्ही बाळं. दर्शनाची रांग लांब होती. माउलीपुढं मी काय मागितलं ते इथं लिहायचं कारण नाही.

लिहायचं आहे ते नंतरचं. यात्रेच्या बाजारात बॅटरीवाल्यानं पोरीला सँडल घेतले, बायकोला बांगड्या, आणि स्वतःला भजी. मी शेजारच्या दुकानापाशी उभा राहून बेरीज करत होतो. सँडल 350, बांगड्या 80, भजी धरून 450. कर्ज सोडलं होतं, पण त्याच्या खिशावरची नजर काही सुटत नव्हती. सोबत्याची नरडी धरायला हातच लागतो असं नाही. त्यानं भज्यांचा कागद माझ्यापुढं धरला. मी दोन घेतली. 450 मधून ती वजा करायची का, असंही मनात येऊन गेलं. खोटं कशाला सांगू?

परतीला टेम्पो होता. कायगावचा पूल यायच्या आत तो सरकून माझ्याजवळ बसला. बराच वेळ झेंड्याची काठी चाचपत राहिला.

"भाऊ, यंदा हरभरा करावा म्हनतो."

"किती एकर?"

"दोन."

दोन एकरांना साठ किलो, म्हणजे तीस किलोच्या दोन बॅगा. तो रोखीनं नेणार नव्हता, हे सांगायला ज्योतिषी नको. सातांच्या सत्तर वेळांपैकी ही दुसरी.

"सोमवारी ये," मी म्हटलं. "पण दुपारच्याला ये. सकाळी तुझी वहिनी असते दुकानात."