तुम्ही विचारलंत म्हणून : कुठल्या शब्दात दिसलं?

"मुलं कविता घडाघडा म्हणतात, पण त्यांच्या डोळ्यांपुढे काही उभंच राहत नाही. तुम्ही वर्गात करता तरी काय?" पालकसभेत हे हमखास कुणीतरी विचारतं. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

'डोळे मिटा आणि कल्पना करा' हे मी कधीच सोडून दिलं. डोळे मिटले की पोरं भलतीकडेच जातात. मी बालकवींची 'औदुंबर' घेते. आठच ओळी. चित्र काढायला लावते आणि प्रत्येक गोष्टीवर विचारते, कुठल्या शब्दात दिसलं?

पहिल्या खेपेला बहुतेकांचं गाव कागदभर झालं. घरांना दारं, दारात रांगोळी. मी 'चिमुकले' या शब्दावर बोट ठेवलं. गाव चिमुकलं का? एक म्हणाला, चारच घरं आहेत म्हणून. दुसरी म्हणाली, लांबून तसंच दिसतं. मग कुणीतरी 'पैल टेकडीकडे' मोठ्यानं वाचलं आणि लख्ख झालं : गाव पलीकडे, आपण अलीकडच्या काठावर. इथून रांगोळी दिसेल कशी? मुकाट्यानं खोडली.

रंग पटापट सापडतात : हिरवं कुरण, निळासावळा झरा, पांढरी पायवाट, काळा डोह. आवाज शोधायला सांगितले की पोरं वैतागतात. आवाजाचा शब्दच नाही! "बाई, सगळं गप्पच आहे." हेच मला हवं असतं. (त्या झाडाचा अर्थ काय, यावर जाणत्यांनी पानंच्या पानं लिहिलीत. सातवीत मी तिकडे फिरकत नाही.)

एकानं पिकून पडलेल्या उंबरांचा वास सांगितला. कुठल्या शब्दात? "कवितेत नाही बाई, आमच्या विहिरीवर." तेव्हापासून फळ्यावर दोन रकाने असतात, 'कवीचं' आणि 'आपलं'. दुसऱ्या रकान्यात दत्ताचं देऊळ दरवर्षी येतं.

एका मुलीला मात्र काहीच दिसायचं नाही. मला वाटलं, टाळतेय. पण मनात चित्र न उमटणारी माणसं खरंच असतात. २०१५ साली त्याला 'अफँटेशिया' हे नाव मिळालं. तिला म्हटलं, चित्र राहू दे, नकाशा काढ. रंग नाहीत, नुसत्या रेघा. झरा, टेकडी, अडवीतिडवी वाट, डोह, सगळं जागच्या जागी. आणि अलीकडच्या काठावर एक फुली, शेजारी बारीक अक्षरात : 'आपण इथे'.