नायट्रॉक्सचा तक्ता, नोंद ४: सीएनएसचा रकाना जोडला

नायट्रॉक्स म्हणजे हवेपेक्षा जास्त ऑक्सिजन असलेलं, डायव्हिंगमध्ये श्वासाला वापरायचं मिश्रण. जास्त दाबाचा ऑक्सिजन मेंदूला बाधून आकडी आणू शकतो; त्या मर्यादेचा किती भाग वापरला, ते सीएनएस (मध्यवर्ती मज्जासंस्था) टक्क्यांत सांगतं. जुन्या सूत्रात ढोबळ चूक सापडली. खोलीला १० ने भागलं होतं (पाण्यात दर १० मीटरला १ बार दाब वाढतो), पण पृष्ठभागावरचा १ बार मिळवायचा राहिला होता. त्यामुळे ३० मीटरवर ३२ टक्के मिश्रणातल्या ऑक्सिजनचा आंशिक दाब (एकूण दाबातला त्याचा वाटा) ०.९६ दिसायचा. खरा तो ४ × ०.३२, म्हणजे १.२८ बार.

त्या त्या दाबाला किती वेळ राहायचं, याच्या मर्यादा नोआच्या (अमेरिकेची सागरी व हवामान संस्था) घेतल्यात: १.३ बारला १८० मिनिटं, १.४ ला १५०, १.६ ला जेमतेम ४५. आकडा दोन ओळींच्या मध्ये पडला तर जास्त दाबाचीच ओळ धरायची; १.२८ ला १.२ ची ओळ लावली की तक्ता फुकटची सूट देतो. नमुना डाइव्ह: ३० मीटरवर ४० मिनिटं, २२ टक्के. वर येताना ५० टक्के मिश्रणावर २१ मीटरला ३ मिनिटं (१.५५, म्हणून १.६ ची ओळ), ७ टक्के. ६ मीटरला १० मिनिटं, २ टक्के. बेरीज ३१. तीन मिनिटांत सात टक्के गेले, हे नीट बघा. वर आल्यावर हे टक्के दर ९० मिनिटांनी निम्मे उरतात असं धरलंय.

ॲनालायझर (ऑक्सिजनचे टक्के मोजणारं यंत्र) हवेवर २०.९ ला लावून घ्या, सिलिंडरचा व्हॉल्व्ह अगदी किंचित उघडा आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. गॅस जोरात सोडला तर सेन्सरवर दाब येऊन आकडा फुगतो. ३२ समजून भरलेल्यात ३४ निघाले, तर १.४ बारच्या मर्यादेची कमाल खोली ३३ वरून ३१ मीटरवर येते. सिलिंडरच्या चिठ्ठीवर मोजलेलाच आकडा लिहा.

आता तक्त्याला न दिसणारी गोष्ट: कार्बन डायऑक्साइड. ऑक्सिजनचा दाब वाढला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, तेवढंच संरक्षण. कार्बन डायऑक्साइड साचला की त्या परत रुंदावतात आणि मेंदूला ऑक्सिजनचा मारा वाढतो. प्रवाहाविरुद्ध फिन मारणं, खोलीवरचा दाट गॅस, गॅस वाचवायला श्वास रोखून रोखून घेणं, सगळ्यांचा परिणाम तोच. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलासाठी केनेथ डोनाल्ड यांनी केलेल्या चाचण्यांत एकाच डायव्हरची सहनशक्ती रोज वेगळी भरली, आणि कोरड्या चेंबरपेक्षा पाण्यात कमी. म्हणून ‘मागच्या वेळी काही झालं नाही’ हा पुरावा नव्हे.

ओठ फडफडणं, नजर बोगद्यासारखी अरुंद होणं, कानात गुणगुण, मळमळ, चक्कर: यातलं काहीही जाणवलं की बडीला (सोबतच्या डायव्हरला) खूण करून लगेच कमी खोलीवर या. पण कित्येकदा आकडी काहीच इशारा न देता येते. आकडी स्वतः सहसा जीव घेत नाही. तोंडातून रेग्युलेटर (श्वासाचा गॅस देणारं साधन) सुटतो आणि माणूस बुडतो.

श्रमाचा रकाना सध्या फक्त ‘हो/नाही’. ‘हो’ टाकलं की तक्ता १.४ ऐवजी १.२ धरतो, आणि ३२ टक्क्यांची कमाल खोली २७ मीटर दाखवतो.