चेन आवळताना

वळवाच्या वाऱ्याने आंब्याची मोठी फांदी मोडून कंपाउंडवर लोंबत राहिली, तेव्हा मखमलाबादहून एक पोरगा झाडं कापायचं मशीन घेऊन आला. फांदीला हात लावायच्या आधीच पायरीवर बसला आणि म्हणाला, "काका, आधी चेन बदलतो. काल भुसा नुसता पिठी पडत होता, कपचे निघायला पाहिजेत."

दुसऱ्याचं काम बघत बसण्यासारखं सुख नाही. त्याने ब्रेक सोडला, नट काढले, झाकण काढलं, चेन ज्या लांब पात्याभोवती फिरते त्या बारच्या खाचेतला तेलकट गाळ खरवडला. नवी चेन दातेरी चाकावर आणि बारवर चढवली. वरच्या बाजूचे दात बारच्या टोकाकडे बघणारे. नट हातानेच लावले, बारचं टोक वर उचलून धरलं आणि स्क्रू फिरवायला लागला.

"किती घट्ट?" मी विचारलं.

"खालून लोंबायला नको. पण हाताने ओढली तर फिरली पाहिजे."

टोक तसंच उचललेलं ठेवून नट आवळले, हातमोजा घालून चेन ओढून पाहिली. झालं.

चेनचे हे दात सुचले ते एका अळीवरून. 1946 साली अमेरिकेतल्या ऑरेगॉनमध्ये जो कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याला बुंध्यात एक अळी दिसली. ती डावं-उजवं कुरतडत लाकूड सहज पोखरत होती. 1947 मध्ये त्याने तसल्या दातांची चेन विकायला काढली. आमच्याकडे आंब्याला भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी अळी, लागली की आजोबा भोकात तार खुपसून अळी उकरायचे, रॉकेलचा बोळा कोंबायचे आणि वरून चिखल थापायचे. अळीकडे निरखून बघायला त्यांना सवड नव्हती.

आजोबांच्या दिंडोरीच्या मळ्यात बाभळी कापायला दोघं सुतार मोठा आरा घेऊन येत. एकदा मी हट्टाने एक मूठ धरली आणि लगेच ओरडा खाल्ला, "आरं ढकलू नको, नुस्ता वढ!" ढकललं की पातं वाकतं. आपली पाळी ओढायची, मग समोरच्याची. चेन तर ढकलताच येत नाही, म्हणजे सुतारांचाच कायदा इथेही.

थोडं कापून झाल्यावर चेन खाली लोंबायला लागली. पोराने मशीन बंद केलं आणि निवांत बसला. तापलेली चेन लांबते; तशीच करकचून आवळून ठेवली तर गार झाल्यावर आखडते आणि बार आणि क्रँक (इंजिनाचा फिरता दांडा) दोन्हींवर जोर येतो. नवी तर बसेपर्यंत सारखी बघावी लागते. मला हे फार पटलं. मी रोज रात्री वाळणाची दोरी सैल करून ठेवतो, तंबोऱ्याच्या तारा उतरवाव्यात तशी. घरात त्यावरून हसतात. हसोत.

उरलेली फांदी मात्र माझा चहा निवायच्या आत खाली आली. वडिलांनी लावलेलं झाड, माझ्या मांडीपेक्षा जाड फांदी.

कुंभमेळ्यात साधूंच्या मुक्कामासाठी उभारायच्या साधुग्रामासाठी नाशिकच्या तपोवनातली झाडं तोडायचा विषय निघाला, तेव्हा आमच्या कट्ट्यावरही बदल्यात नवी किती लावायची यावर वाद रंगला होता. मी त्यात बोललो नाही. तिथल्या एखाद्या जुन्या चिंचेला किती वेळ लागेल, हे मला आता साधारण सांगता येतं.