तुम्ही विचारलंत म्हणून: बाबांना एकटं कसं राहू देता?

नागपुरात, मनीष नगरातल्या माझ्या औषधांच्या दुकानात, लग्नाच्या पंगतीत, महालात बाबांच्या गल्लीत गाडी लावताना, आठवड्यातून एकदा तरी हा प्रश्न मला येतोच. "ताई, बाबा त्र्याऐंशीचे झाले. आई गेल्यापासून एकटेच राहून राहिले. तुम्ही राहू कसं देता जी?" विचारणारे काळजीनं विचारतात, हे मला कळतं. आजवर "त्यांना तिथंच बरं वाटतं" एवढं सांगून मी विषय मिटवत आले. ते अर्धं उत्तर होतं.

आधी तुमच्या त्या 'देता'बद्दल बोलते. लेकराला आपण अंगणात खेळू देतो. बाबांचं घर बाबांचं आहे, पेन्शन त्यांची, मन त्यांचं. राहू देणारी मी कोण? हे मी तावातावानं बोलते खरी, पण बोलताना आतून ठाऊक असतं की दोन वर्षांपूर्वी मी तीच 'देणारी' झाले होते, आणि त्यात बाबा माझ्या हातून जाता जाता राहिले.

त्याआधी १९९९ सालचं एक सांगायला हवं. डी.फार्म., म्हणजे औषधशास्त्राची पदविका, करून मी तेविसाव्या वर्षी काउंटरवर उभी राहिले. नोंदणीचं प्रमाणपत्र माझ्या नावाचं, मागच्या भिंतीवर काचेत लावलेलं. गिऱ्हाईक आत यायचं, माझ्याकडे बघायचं आणि विचारायचं, "मोठं कोणी नाही का जी?" दुकानात झाडपूस करायला एक काका होते, पन्नाशीचे, सातवी शिकलेले. लोक गोळी कधी घ्यायची ते त्यांना विचारायचे. काका माझ्याकडे बघायचे, मी सांगायची, काका तेच वाक्य पुन्हा म्हणायचे आणि मग ते लोकांना पटायचं. दोन-तीन वर्षं असं चाललं. मी घरी येऊन चिडायची तेव्हा बाबाच म्हणायचे, "तू बोलत राहा. ऐकणं त्यांचं काम, बोलणं तुझं."

आता तो मे महिना.

बाबांचं बीपी वाढलं होतं म्हणून एक नवी गोळी सुरू झाली, क्लोरथॅलिडोन. लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढून बीपी कमी करते ती. चांगलं औषध आहे, मी रोज विकते. दोन-तीन आठवड्यांत बाबा फोनवर अडखळायला लागले. एकदा बडकस चौकातून घरी येताना वाट चुकले. ज्या माणसानं पस्तीस वर्षं दहावीला भूमिती शिकवली, त्याला दूधवाल्याचे सुटे पैसे मोजता येईनात. मग एका सकाळी न्हाणीघरात पडले. हाड वाचलं.

मी त्यांना धंतोलीतल्या एका दवाखान्यात नेलं. डॉक्टर पस्तिशीचे असतील. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "यांना काय होतंय?" बाबा माझ्या शेजारच्याच खुर्चीत बसले होते. त्यांना ऐकू उत्तम येतं. ते म्हणाले, "डॉक्टर, ती नवीन... ती गोळी, तिच्यापासून..." पुढचा शब्द सापडेना. डॉक्टर घड्याळाकडे बघून राहिले होते. मी बाबांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बाबा, थांबा ना. मी सांगून राहिली ना."

ते थांबले. पुन्हा बोलायचा प्रयत्नसुद्धा त्यांनी केला नाही. गुडघ्यावरचा माझा हात तेवढा हळूच बाजूला केला.

"एक्क्याऐंशी म्हणजे वयोमानानं व्हायचंच," डॉक्टर म्हणाले. "विसरण्याची सुरुवात दिसते." ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या. पंचवीस वर्षं औषधं देणारी मी मान डोलवत बाहेर पडले. रागानं त्या डॉक्टरांचं नाव घ्यावंसं पुष्कळदा वाटलं, पण बाबांना गप्प त्यांनी केलं नव्हतं. मी केलं होतं.

मी त्यांना माझ्या घरी आणलं. एटीएम कार्ड काढून घेतलं, स्कूटीची किल्ली काढून घेतली, फोन माझ्याकडे ठेवला. पलीकडच्या खोलीत नवऱ्याशी हळू आवाजात 'डिमेन्शिया' हा शब्द बोलले, आणि दार उघडं होतं. बीपी आहे म्हणून भाजीत मीठ कमी घातलं. पंचेचाळीस अंशांचं ऊन आहे म्हणून तासातासाला पाण्याचा पेला पुढे केला. अंगातलं मीठ उतरत चाललेल्या माणसाला मी अळणी जेवण आणि पाण्यावर पाणी देत होते, आणि सेवा करतेय असं समजत होते.

दुकानात तेव्हा एकवीस वर्षांचा एक मुलगा होता, नुकताच डी.फार्म. झालेला. मी बाबांच्या गोळ्या काढत होते. तो म्हणाला, "मॅडम, ही गोळी नवीन आहे ना? आजोबांचं सोडियम करून पाहिलं का?" मी म्हणाले, "तू बिलं बघ. शिकायचंय अजून तुला." त्याचा चेहरा उतरला. तो चेहरा माझ्या ओळखीचा होता, तरी मी पाठ फिरवली.

चौथ्या रात्री बाबा हाकेला ओ देईनात. दुसऱ्या दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं तर सोडियम, म्हणजे रक्तातलं मीठ, ११६. असावं लागतं १३५ ते १४५. अतिदक्षता विभागात ते हळूहळू वाढवलं. एकदम वाढवलं तर मेंदूला इजा होते, म्हणून थेंबाथेंबाचा हिशेब. गोळी बंद झाली. पाचव्या दिवशी बाबांनी चष्मा मागितला, पेपर मागितला, आणि माझ्याकडे बघून एवढंच विचारलं, "ती गोळी बंद केली ना?"

मला बोलता आलं नाही.

खरा स्मृतिभ्रंश महिन्यांनी, वर्षांनी सरकत येतो. दोन-तीन आठवड्यांत माणूस बदलला तर आधी बघायचं ते नवं औषध, जंतुसंसर्ग, रक्तातले क्षार. हे मला पाठ आहे. चाळिशीचा माणूस असा अडखळत काउंटरवर आला असता तर माझा पहिला प्रश्न असता, "नवीन काय सुरू केलं?" बाबांच्या बाबतीत तो सुचलाच नाही, कारण 'एक्क्याऐंशी' हेच मला कारण म्हणून पुरलं. दोघांनी मला खरं सांगितलं होतं. एक फार म्हातारा होता, दुसरा फार लहान.

रॉबर्ट बटलर नावाच्या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञानं १९६९ साली या वागण्याला, वयावरून माणसाला कमी लेखण्याला, 'एजिझम' असं नाव दिलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये त्यावर अहवाल काढला. जगात दर दोन माणसांतल्या एकाच्या मनात म्हाताऱ्यांबद्दल असा आकस असतो, असं त्यात आहे. आणि युरोपात वयावरून डावललं गेल्याची तक्रार इतर वयाच्या लोकांपेक्षा तरुणांचीच जास्त, हेही त्यातच आहे. मला त्यात नवल वाटलं नाही. आपल्याकडे दोन्हीसाठी वाक्यं तयार आहेत: 'त्यांचं आता वय झालं' आणि 'लहान आहे, त्याला काय कळतं'. दोन्ही आपण मायेनं बोलतो, म्हणून बोलणाऱ्याला कधी वाईट वाटत नाही.

जुलैत बाबा म्हणाले, "मी महालात जातो." मी "बघू" म्हणाले. ते म्हणाले, "विचारून नाही राहिलो, सांगून राहिलो." न्हाणीघरात आधाराला दांडी लावली, शेजारच्या काकूंकडे एक किल्ली दिली, आणि ते गेले. दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी आम्ही बँकेत जातो. तिथला माणूस मला विचारतो, "नाव काय यांचं?" मी आता गप्प राहते. बाबा स्वतःचं नाव सांगतात, सावकाश, पूर्ण.

पण मी सुटले असं समजू नका. त्या मे महिन्यातली मी अजून माझ्याशी भांडते. ती म्हणते, तू त्यांना घरी आणलं होतंस म्हणून त्या रात्री हाक मारायला कोणी तरी होतं. महालात एकटे असते तर सकाळी काय सापडलं असतं? याला माझ्याकडे उत्तर नाही. ते फोन उचलत नाहीत तेव्हा मी दुकान अर्ध्यावर सोडून महालाकडे निघते. मागच्या महिन्यात अशीच निघाले, तर ते सीताबर्डीहून मेट्रोनं जयप्रकाश नगरला उतरून माझ्याच घराच्या पायरीवर बसले होते. हातात संत्र्याची पिशवी. फोन घरी विसरले होते. विसरले, हे ऐकताच मी त्यांचा चेहरा न्याहाळायला लागले. त्यांच्या ते लक्षात आलं.

त्या मुलाची मी माफी मागितली. तो म्हणाला, "राहू द्या ना मॅडम." पुढे दुसरीकडे नोकरीला लागला. आणि गेल्याच आठवड्यात सत्तरीच्या एका बाई सुनेसोबत आल्या, तर गोळ्या कशा घ्यायच्या ते मी सुनेलाच समजावत होते. बाई मधेच म्हणाल्या, "मला सांग ना बाई, खायच्या मला आहेत."

बाबांचा गाडीचा परवाना अजून चालू आहे. एटीएम कार्ड मी परत दिलं, फोन परत दिला. स्कूटीची किल्ली मात्र माझ्या कपाटात आहे. त्यांनी मागितली नाही, मी दिली नाही. गाडीवरचं आच्छादन ते दर रविवारी काढतात, पुसतात, पुन्हा घालतात.