जनसुनावणीत आमची विहीर कागदावर आली, त्याची गोष्ट

पेपरात नोटीस आली होती म्हणे, पण पेपरातल्या त्या बारीक अक्षरातल्या नोटिसा कोण वाचतं. मला कळलं ते ग्रामपंचायतीत घरपट्टी भरायला गेलो तेव्हा बोर्डावर चिकटवलेला कागद दिसला म्हणून. आमच्या शिवाराला लागून डिस्टिलरी आहे, तिचं विस्तारीकरण, त्याची पर्यावरणविषयक जाहीर जनसुनावणी. अशी नोटीस किमान 30 दिवस आधी द्यावी लागते, त्यातले 11 तोवर उडाले होते.

आमचं दुखणं एकच, नाल्याकडची विहीर. जूनमधे दोन-तीन मोठे पाऊस झाले की पाणी कोऱ्या चहासारखं होतं, वर तवंग, वास मळीचा, गोडसर-आंबट. दिवाळीपर्यंत म्हशी तोंड लावत नाहीत. आणि उन्हाळ्यात तीच विहीर चांगली साफ, त्यामुळे पाहुण्यांना सांगितलं तरी खोटं वाटतं.

प्रकल्पाच्या ईआयए रिपोर्टचा, म्हणजे पर्यावरणावर काय परिणाम होईल त्या अभ्यासाचा, मसुदा कलेक्टर ऑफिस, जिल्हा परिषद वगैरे ठिकाणी बघायला ठेवतात, आणि सारांश मराठीतही द्यावा लागतो. आता ते मराठी कसलं, 'प्रदूषकांचे विसरण' वाचून मला वाटलं भांडी विसळण्याचं काहीतरी आहे. शेवटी बीएस्सी करणाऱ्या पुतणीला घेऊन गेलो, ती थेट इंग्रजी रिपोर्टातल्या टेबलांवर गेली. अर्ध्या तासाने म्हणाली, काका, आपली विहीर आहे यात, आणि ती चांगली आहे. माझं डोकंच फिरलं, म्हटलं बघ, सगळं खोटं लिहिलंय. तर ती म्हणते, "खोटं नाहीये, उन्हाळ्यातलं आहे."

नमुने मार्च ते मे मधले होते. आणि गंमत म्हणजे हे बेकायदेशीर नाही! केंद्राच्या 2006 च्या ईआयए अधिसूचनेखाली जो अभ्यास होतो त्यात साधारणपणे पावसाळा सोडून एका हंगामाचा डेटा घेतात, आजूबाजूचा 10 किलोमीटरचा परिसर धरून. म्हणजे नियम पाळून आमची विहीर कागदावर स्वच्छ झाली होती.

गावातल्या पोरांचं ठरलं होतं की घोषणा द्यायच्या आणि उठून जायचं. तालुक्याला एक वकीलकाका आहेत, ते म्हणाले बाबांनो सुनावणीला कोरम नसतो, तुम्ही सगळे उठून गेलात तरी ती झाली असंच धरतात आणि इतिवृत्तात तुमचं एक वाक्य येणार नाही. लेखी द्या, पोच घ्या, आणि मग बोला. हा सल्ला फुकट मिळाला पण लाखाचा होता. मी दोन पानं लिहिली, विहिरीचा गट नंबर, नाल्यापासूनचं अंतर, कुठल्या महिन्यात काय होतं, ऑगस्टमधे मोबाईलवर काढलेले फोटो, सगळं जोडलं आणि शिक्का मारून पोच घेतली.

सुनावणीच्या दिवशी मांडव, खुर्च्या, व्हिडिओ शूटिंग. अध्यक्ष अपर जिल्हाधिकारी मॅडम. पहिला तास रोजगार, विकास, अभिनंदन यातच गेला. माझा नंबर आला तेव्हा मी एकच विचारलं, पावसाळ्यातला नमुना कुठाय? रिपोर्ट बनवणारे कन्सल्टंट म्हणाले, अभ्यास नियमानुसार आहे. मी म्हटलं साहेब, नियम मोडला असं मी म्हणतच नाहीये, विहीर उन्हाळ्यात बघितलीत एवढंच म्हणतोय. टाळ्या पडल्या. टाळ्यांचा तसा उपयोग शून्य.

खरं काम शेवटी झालं, तेव्हा निम्मा मांडव रिकामा होता. इतिवृत्त तिथल्या तिथे वाचून दाखवावं लागतं. माझ्याबद्दल आलं, 'एका शेतकऱ्याने पाण्याबाबत शंका उपस्थित केली.' मी उठलो, म्हटलं मॅडम शंका नाही, मागणी आहे, आणि पोच दाखवली. त्यांनी तिथेच ते वाक्य बदलून घेतलं, गट नंबर, जून ते ऑक्टोबर पाण्याचा रंग बदलणे, पावसाळी नमुन्याची मागणी, सगळं घातलं आणि मगच सही केली.

जनसुनावणी म्हणजे मतदान नाही हे बऱ्याच जणांना नंतर कळलं. निर्णय तज्ञ समितीच्या शिफारशीवर वर होतो, आपल्या मुद्द्यांना प्रकल्पवाल्यांना अंतिम रिपोर्टात उत्तर द्यावं लागतं, बस. मंजुरी आलीच. त्यावर हरित लवादात, म्हणजे पर्यावरणाच्या खटल्यांच्या कोर्टात, 30 दिवसांत अपील करता येतं, सबळ कारण असेल तर पुढे अजून 60 दिवसांपर्यंत, पुण्यात बेंच आहे, पण मंजुरीच्या अटींमधे आमची विहीर नावानिशी आली होती, मान्सूनपूर्व आणि मान्सूनोत्तर तपासणीसाठी, म्हणून आम्ही थांबलो. चूक केली का, यावरून घरात अजून भांडणं होतात.

कारण दर सहा महिन्यांनी अटींच्या पूर्ततेचा अहवाल द्यावा लागतो, त्यात पुतणीने बघितलं तर नमुने मे आणि डिसेंबरचे! मान्सूनोत्तर म्हणजे डिसेंबर, शब्दाने बरोबरच की. परत इतिवृत्ताचं पान आणि फोटो जोडून केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या प्रादेशिक ऑफिसला पत्र, परत पोच, मग दोन स्मरणपत्रं.

यंदा ऑगस्टमधे लॅबचा पोरगा आला, आईसबॉक्स घेऊन. बाटली दोनदा त्याच पाण्याने विसळली, भरली, उजेडाकडे धरून बघत राहिला. "दादा, हे कायम असंच असतं का?" म्हणाला. मी म्हटलं, आधी लेबलवर तारीख टाक.