जुन्या पीसीवर आज स्ट्रीम अडकला नाही
आज पावणेदोन तास लाइव्ह होतो आणि चित्र एकदाही अडकलं नाही. महिनाभर माझा अडखळता स्ट्रीम सोसणाऱ्या सगळ्यांचे मनापासून आभार.

पीसी दादाचा, कॉलेजातला. चौथ्या पिढीचा आय ५, ८ जीबी रॅम, नंतर टाकलेलं सेकंडहँड १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड. नुसता जीटीए ५ गेम छान चालायचा, ओबीएस (स्ट्रीम पाठवायचं सॉफ्टवेअर) लावलं की सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम ६० वरून २५ वर. मी नेटला दोष देत बसलो. आज ओबीएसची स्टॅट्सची खिडकी नीट पाहिली: नेटमुळे गळलेल्या फ्रेम शून्य, एन्कोडिंगमध्ये, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करताना, मागे पडलेल्या हजारभर! एन्कोडर एक्स२६४ वर होता, तो प्रोसेसरवर चालतो, म्हणजे गेमही प्रोसेसरवर आणि व्हिडिओही त्याच्याच डोक्यावर. त्याऐवजी एनव्हेंक, म्हणजे ग्राफिक्स कार्डावरचा एन्कोडर, निवडलं. त्यासाठी कार्डातच वेगळा भाग असतो, प्रोसेसर मोकळा होतो. मग आउटपुट ७२०पी, ३० फ्रेम, बिटरेट (सेकंदाला नेटवर जाणारा डेटा) ३००० केबीपीएस. गेमला ६० ची मर्यादा घातली, नाहीतर कार्ड १०० टक्के भरतं आणि ओबीएसला चित्र जुळवायला जागाच उरत नाही. ओबीएस ॲडमिन म्हणून उघडलं, त्यानेही फरक पडला.

आणि धूळ! विश्रामबागेत आमचं घर रस्त्याला लागून. पीसीचं झाकण काढलं तर प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या हीटसिंकवर राखाडी गादीच बसलेली. आईने रंगाचा कोरा ब्रश दिला, पंख्याचं पातं बोटाने धरून हळूहळू सगळं काढलं.

बाबा मघाशी दारातून विचारून गेले, "बंद केलास का रे? आवाज येईना."

उद्या रात्री ९ ला परत येतोय.