नव्वद फूट

"बदली रनर नको. मीच पळतो." गुडघ्याला पट्टा बांधलेला आमचा कॅचर आज पहिल्या बेसवरून ओरडला.

न्यू जर्सीतल्या आमच्या साठीपुढच्या बेसबॉल लीगमध्ये अंपायर, मैदान, वेळापत्रक सगळं मी बघतो. अंतर मेजर लीगचंच, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलचंच: पळून गाठायचे टप्पे, म्हणजे बेस, एकमेकांपासून ९० फुटांवर. म्हणूनच बदली रनरची, म्हणजे दुखऱ्या खेळाडूऐवजी दुसऱ्यानं पळायची, सोय.

तो धावला. दुसऱ्या बेसवर आऊट. मग गुडघ्यावर बर्फाची पिशवी दाबत म्हणाला, "घरी सगळे म्हणतात, जपून. इथे तरी नका ऐकवू."

दिवसभर तेच डोक्यात घोळतंय. सोय हवीच, गुडघे महत्त्वाचे. पण ती घ्यायची की नाही, हे पळणाऱ्यानंच ठरवावं ना?